वायफायला लायसन कित्याक लागणा नाय?

गेल्या गणपतीत शेजारच्या काकांनी मला खळ्यात गाठलं. मालवण तालुक्यात, किनाऱ्यापासून चालत पाच मिनिटांवर त्यांचं होमस्टे आहे. घर चाकरमान्यांनी भरलेलं, संध्याकाळच्या भजनाची तयारी चाललेली आणि वायफाय सकाळपासून रखडत होतं. ते कसं सुधारायचं हे विचारता विचारता काकांनी मुळालाच हात घातला. "मोबायल कंपनी लिलावात कोटीनी पैसे भरतत. मगे आमच्या वायफायक लायसन कित्याक लागणा नाय?"

प्रश्न रास्त होता. मे २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने सहा गिगाहर्ट्झ पट्ट्याच्या खालच्या भागाबद्दल एक मसुदा प्रसिद्ध केला आणि 'विनापरवाना स्पेक्ट्रम' हे शब्द बातम्यांत आले. पण या शब्दांचा अर्थ काय आणि आपल्या वाडीशी त्याचा संबंध काय, हे कुणी नीट सांगत नाही. काकांना त्या दिवशी अर्धंच सांगता आलं. राहिलेलं इथे लिहितो.

आधी लहर म्हणजे काय

वर्तमानपत्रांत स्पेक्ट्रमला 'ध्वनिलहरी' म्हणतात. त्या शब्दाने फार घोळ होतो, कारण यात ध्वनी नसतोच. या रेडिओलहरी आहेत, प्रकाशाच्याच कुटुंबातल्या, फक्त डोळ्यांना न दिसणाऱ्या. लहर एका सेकंदात किती वेळा वरखाली होते तो आकडा म्हणजे तिची फ्रिक्वेन्सी. एफएम रेडिओची लहर सेकंदाला साधारण दहा कोटी वेळा हलते. घरातल्या जुन्या वायफायची २४० कोटी वेळा, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या अशा सगळ्या फ्रिक्वेन्सींच्या पसाऱ्याला स्पेक्ट्रम म्हणायचं आणि त्यातल्या एका तुकड्याला पट्टा.

लहरीचा स्वभाव फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलतो. कमी फ्रिक्वेन्सीची लहर लांब जाते, झाडीतून, भिंतीतून वाट काढते, पण तिच्या पट्ट्यात जागा थोडी असल्यामुळे माहिती कमी नेते. जास्त फ्रिक्वेन्सीकडे जागा भरपूर, पण जांभ्याची दीड फुटी भिंत आली की तिचा दम संपतो. कोकणातल्या घरांत हा फरक रोज दिसतो. पडवीत वायफाय पळतं आणि माजघरात पोचेपर्यंत मरतं.

स्पेक्ट्रम वापरल्याने संपत नाही. बांगडा एकाने पकडला की दुसऱ्याला मिळत नाही, लहरींचं तसं नाही. मी आत्ता बोलून थांबलो की पुढच्या क्षणी तीच जागा कोरी करकरीत तुमची. अडचण एकच, एका वेळी एकाच ठिकाणी दोघे एकाच फ्रिक्वेन्सीवर मोठ्याने बोलले तर कुणाचंच ऐकू येत नाही. स्पेक्ट्रमचा सगळा कायदा या एका अडचणीतून उभा राहिला आहे.

गडगा आणि पाखाडी

आपल्याकडे कलमांच्या बागेला चिऱ्यांचा गडगा असतो. गडग्याच्या आत मालक म्हणेल ते. पण दोन गडग्यांच्या मधून जी पाखाडी उतरते ती कुणा एकाची नसते. तिच्यावरून शाळेची पोरं जातात, पालखी जाते, गवताचा भारा घेतलेली बाई जाते. कुणी पावती फाडत नाही. म्हणून तिथे कुणी जेसीबी घालू शकतो असंही नाही.

लिलावात विकला जाणारा स्पेक्ट्रम म्हणजे गडग्यातली बाग. कंपनी पैसे मोजते आणि त्या बदल्यात ठरलेल्या भागात, ठरलेल्या वर्षांसाठी, त्या पट्ट्यात दुसरं कुणी येणार नाही याची हमी घेते. विनापरवाना पट्टा ही पाखाडी. तिथे पैसे नाहीत आणि हमीही नाही.

यातली जमीन मुळात कुणाची, हा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात निकाली काढला. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं त्या निकालात म्हटलं आहे. सरकार तिचं राखणदार. म्हणून किती जागा गडग्यात घालायची आणि किती पाखाडीसाठी सोडायची हा तुमचा-माझा प्रश्न आहे.

विनापरवाना म्हणजे बिननियम?

नाही, आणि इथेच सर्वांत जास्त गैरसमज होतो. परवाना माणसाला लागत नाही, नियम यंत्राला लागतात.

मासेमारीचं बघा. समुद्रात जाळं कुणाचं पडलंय हे किनाऱ्यावरून दिसत नाही, म्हणून कायदा जाळ्याच्या आसाचा, म्हणजे भोकाचा, आकार ठरवतो आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीला बंदी घालतो. साधनालाच मर्यादा घातली की प्रत्येक होडीमागे माणूस उभा करावा लागत नाही. वायफायचंही असंच. भारतात जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा झाला, पण ताकदीची मर्यादा घालून. अँटेनातून ज्या दिशेला लहर सर्वांत जोरात जाते त्या दिशेने मोजलं तरी चार वॅटच्या वर जायचं नाही. घरातल्या नऊ वॅटच्या एलईडी बल्बच्या निम्म्याहूनही कमी. विकण्याआधी यंत्राला सरकारच्या वायरलेस नियोजन विभागाच्या पद्धतीनुसार मान्यता लागते.

दुसरी अट ताकदीइतकीच महत्त्वाची आहे. विनापरवाना यंत्राने परवानाधारकाला त्रास द्यायचा नाही. दिला तर बंद व्हायचं. आणि स्वतःला दुसऱ्याचा त्रास झाला तर तक्रारीचा हक्क नाही. शेजाऱ्याच्या वायफायमुळे तुमचं मंदावलं म्हणून कोणत्याही कचेरीत अर्ज करता येत नाही. हे कठोर वाटतं, पण पाखाडीवर असंच चालतं. समोरून भारा घेतलेली बाई आली तर आपण बाजूला होतो, तलाठ्याला बोलावत नाही.

हुकूम नसताना यंत्रं बाजूला होतात कशी?

डबलबारीचं भजन ज्याने ऐकलंय त्याला हे चटकन कळेल. दोन बुवा समोरासमोर, एकाची बारी संपली की दुसऱ्याची. दोघेही एकदम गायला लागले तर फक्त गोंगाट. वायफायची यंत्रं बारी पाळतात, पण तिथे बारी ठरवून देणारा कुणी नसतो. प्रत्येक यंत्र बोलण्याआधी कान देतं. कुणी बोलत असेल तर गप्प राहतं. शांतता झाली की लगेच तोंड उघडत नाही, मनात एक यादृच्छिक आकडा धरून तेवढा वेळ थांबतं आणि मग बोलतं. प्रत्येकाचा आकडा वेगळा, म्हणून टक्कर क्वचित होते. झालीच तर पुढच्या वेळी आकडा आणखी मोठ्या पल्ल्यातून धरायचा. हे सगळं सेकंदाच्या काही लाखांश भागांत घडतं.

ब्लूटूथची तऱ्हा निराळी. क्लासिक ब्लूटूथ एका जागी बसतच नाही. ७९ लहान लहान वाहिन्यांवर ते सेकंदाला १६०० उड्या मारतं. एखाद्या वाहिनीवर कुणी असलंच तर तेवढा एक तुकडा बिघडतो, तो पुन्हा पाठवला जातो आणि कानातलं गाणं तुटत नाही.

या सभ्यपणाचा शोध एका टाकाऊ जागेत लागला, ही या विषयातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. १९४७ मध्ये अटलांटिक सिटीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासची जागा उद्योग, विज्ञान आणि वैद्यकाच्या यंत्रांसाठी काढून ठेवली गेली. मायक्रोवेव्ह ओव्हन इथेच चालतो. इतक्या गोंगाटात दळणवळण कोण करणार, अशीच तेव्हा समजूत होती. १९८५ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने हीच गोंगाटाची जागा कमी ताकदीच्या, लहर पसरवून पाठवणाऱ्या यंत्रांना विनापरवाना दिली. काय बनेल हे कुणी ठरवून दिलं नव्हतं. १९९७ मध्ये वायफायचं पहिलं मानक आलं. कुणाची परवानगी न मागता प्रयोग करता आला, म्हणून ते येऊ शकलं.

पालघरने काय दाखवलं

उत्तर कोकणात, पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या लोकांनी 'ग्राममार्ग' नावाचा प्रकल्प केला. खामलोली आणि आसपासच्या गावपाड्यांत इंटरनेट न्यायचं होतं. केबल टाकायची तर डोंगर आणि जंगल. टॉवर उभारायचा तर गिऱ्हाईक कमी, म्हणून कंपनीला परवडत नाही. मग त्यांनी दूरदर्शनच्या पट्ट्याकडे पाहिलं. ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ (हजार मेगाहर्ट्झचा एक गिगाहर्ट्झ) या जागेत आठ-आठ मेगाहर्ट्झच्या १५ वाहिन्या बसतात, आणि देशात जवळजवळ सगळीकडे त्यांतल्या किमान १२ रिकाम्या असतात असं त्यांच्याच अभ्यासात दिसलं होतं. कमी फ्रिक्वेन्सी असल्यामुळे लहर झाडीतून जाते, कोकणात नेमकं हेच हवं. सात गावांत जोडणी चालली.

पण तो पट्टा आपल्याकडे विनापरवाना नव्हता. प्रयोगासाठी खास परवाना घ्यावा लागला, आणि प्रयोगाचा परवाना प्रयोगापुरताच. पुढच्या टप्प्यात २५ गावांपर्यंत जाताना त्यांनी ५.८ गिगाहर्ट्झचा विनापरवाना पट्टा वापरला. ती लहर झाडीत अडते, म्हणून उंचावर अँटेना लावून एकमेकांना दिसतील अशा नेमाव्या लागतात. कष्ट जास्त, पण कुणाच्या सहीसाठी थांबायला नको. २०१७ मध्ये फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत या प्रकल्पाला पहिलं बक्षीस मिळालं.

मला यातून जे दिसतं ते सरळ लिहितो. गडग्यातला स्पेक्ट्रम जिथे गिऱ्हाईक आहे तिथे पोचतो. चिपळूण, रत्नागिरी, कणकवलीला पोचतो. सड्यापलीकडच्या बारा घरांच्या वाडीला पोचायला त्याच्याकडे कारण नसतं. तिथे ग्रामपंचायत, एखादी सहकारी संस्था, गावातलं एखादं खटपटं पोर उभं राहू शकतं, पण त्याला चालायला पाखाडी हवी.

शेतीसाठीही एक लहानशी पाखाडी आपल्याकडे आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत आहे. ८६५ मेगाहर्ट्झपासूनचा अरुंद पट्टा २००५ पासून मोकळा आहे. आंब्याच्या बागेत जमिनीतला ओलावा किंवा तापमान मोजणारी छोटी यंत्रं, दिवसातून दहा-वीस वेळा एखादा आकडा पाठवणारी, याच पट्ट्यात चालतात. माहिती थोडी असली की लहर लांब नेता येते, आणि बॅटरी महिनोन्महिने टिकते. मात्र ऑनलाइन मागवताना यंत्रावर ८६५ लिहिलंय ना, हे पाहायचं. अमेरिकेसाठी बनवलेली ९१५ ची यंत्रं स्वस्तात दिसतात. ती ९०२ ते ९२८ च्या पट्ट्यात बोलतात आणि आपल्याकडे त्यातल्या ९१५ पर्यंतच्या भागात मोबाईल फोन टॉवरशी बोलत असतात. बागेतलं यंत्र आख्ख्या वाडीची रेंज बिघडवू शकतं.

सहा गिगाहर्ट्झची बातमी

आता मसुद्याकडे. २.४ गिगाहर्ट्झमध्ये जेमतेम ८३ मेगाहर्ट्झ जागा आहे. त्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच: १, ६ आणि ११. ऑक्टोबर २०१८ मध्ये पाच गिगाहर्ट्झच्या आसपास ६०५ मेगाहर्ट्झ मोकळे झाले, घराबाहेरही. मे २०२५ च्या मसुद्यात ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ, म्हणजे आणखी ५०० होते. अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये या भागात एकदम १२०० मोकळे केले होते. आपल्याकडे मोबाईल कंपन्यांच्या संघटनेचा आग्रह होता की सगळा पट्टा मोबाईललाच हवा. मसुद्याने खालचा भाग वायफायला देऊ केला.

अटी मात्र कडक. घरात एक वॅट, घराबाहेर वॅटचा चाळिसावा भाग. कारण याच पट्ट्यातून जमिनीवरची केंद्रं उपग्रहांकडे संदेश पाठवतात, आणि लाखो राउटरांचा मिळून झालेला गोंगाट वर जाऊ नये. घराच्या भिंती हा इथे संरक्षणाचा भाग आहे. म्हणूनच घरातल्या ताकदीचा राउटर गाडीत आणि बोटीवर वापरायला मसुद्यात मनाई होती, समुद्रातल्या तेलविहिरींच्या फलाटांवर तर हा पट्टा वापरायचाच नव्हता. आपल्या किनाऱ्यावर हे प्रत्येक बंदरात सांगायला हवं, कारण घरी चालतो तो राउटर ट्रॉलरवर नेण्यात काही गैर आहे असं कुणाच्या मनातही येणार नाही.

"फुकट का द्यायचं? लिलाव केला तर तिजोरी भरेल"

हा सर्वांत वजनदार आक्षेप. २०२२ च्या लिलावात सरकारला १,५०,१७३ कोटींच्या बोली मिळाल्या, हा आकडा कुणालाही मोहात पाडेल. पण पाखाडी विकून गावाच्या तिजोरीत एकदाच पैसे येतात, आणि नंतर प्रत्येक जण दुसऱ्याच्या बागेतून वाट मागत हिंडतो. वायफायमधून होणारी कमाई लिलावाच्या रकान्यात दिसत नाही. ती काकांच्या होमस्टेच्या बुकिंगमध्ये असते, कोळणीच्या पाटीजवळच्या पैसे मिळाल्याचं बोलून सांगणाऱ्या डब्यात असते, फोनवर शिकणाऱ्या पोरीच्या वहीत असते. शिवाय मोबाईल कंपन्यांची गिऱ्हाइकं घरी गेली की वायफायवर जातात आणि त्यांच्या टॉवरचा भार हलका होतो. सगळंच मोकळं करा असं मी म्हणणार नाही. लांबवर, चालत्या गाडीत, हमीने चालणारी सेवा हवी तर गडगा लागतोच. पण दर वेळी नवा पट्टा आला की आधी लिलावाचाच विचार व्हावा, हे मला मान्य नाही.

"एवढ्या लहरी अंगावर, आरोग्याचं काय?"

या लहरी क्ष-किरणांसारख्या नाहीत, शरीरातले रेणू तोडण्याइतकी ऊर्जा त्यांत नसते. अंतर दुप्पट झालं की ताकद चौथाईवर येते. राउटर उशाशी ठेवायची गरजही नसते, तो पडवीत उंचावर चांगला चालतो.

"सगळ्यांनी घुसलं तर रडार, विमानं, उपग्रह?"

ही भीती खरी आहे आणि तिच्यामागे अनुभव आहे. २००९ मध्ये पोर्तो रिकोतल्या सान हुआन इथे विमानतळाच्या हवामान रडारमध्ये खोट्या रेघा दिसायला लागल्या. ते रडार ५.६ गिगाहर्ट्झला चालायचं आणि त्याच जागेत घराबाहेरची वायरलेस यंत्रं बोलत होती. असं होऊ नये म्हणून त्या भागात चालणाऱ्या वायफायला एक नियम असतो. आधी पूर्ण मिनिटभर ऐकायचं, रडारची चाहूल लागली तर ती वाहिनी सोडायची, आणि चालू असताना लागली तर दहा सेकंदांत बाहेर पडायचं. घरात राउटर चालू केल्यावर कधीकधी एक मिनिट वायफाय दिसत नाही, त्याचं हे एक कारण. चिडून यंत्राच्या सेटिंगमधला देश बदलून हा नियम बंद करणारे लोक मला माहीत आहेत. जून २०२० मध्ये रायगडच्या किनाऱ्यावर निसर्ग चक्रीवादळ धडकलं, ते दिवस ज्यांनी काढले त्यांना रडारचं चित्र स्वच्छ असण्याची किंमत सांगायला नको.

बूस्टरबद्दलही इथेच लिहितो, कारण आपल्याकडे डोंगराआडच्या घरांत तो सर्रास दिसतो. माडाला बांधलेला अँटेना, खाली डबा, आणि घरात रेंजच्या चार काड्या. तो वायफायच्या पाखाडीत मोडत नाही. तो मोबाईल कंपनीच्या गडग्यात परवान्याशिवाय शिरतो, आणि ते बेकायदेशीर आहे. आमच्याच एका नातलगाच्या घरी तो लावलेला होता. त्यांचा फोन छान लागायचा आणि खालच्या वाडीतल्या लोकांचे फोन मध्येच तुटायचे. बंद केला त्या दिवशी खालचे फोन नीट झाले. रेंज नसलेल्या घरात फोनमधलं 'वायफाय कॉलिंग' चालू करा, ब्रॉडबँडवरून साधा फोन लागतो. कायदेशीर आहे आणि कुणाला त्रास नाही.

काकांचा राउटर

फोनवर एक साधं ॲप उघडून खळ्यात उभा राहिलो तर आसपास सात वायफाय दिसले. चार जण सहाव्या वाहिनीवर, त्यांत काकाही. एक घर चौथ्यावर, म्हणजे एक आणि सहा दोघांच्याही अंगावर. अकरावी वाहिनी रिकामी होती. काकांचा राउटर माजघरातल्या कपाटामागून काढून पडवीत आणला, अकरावर लावला, आणि पाहुण्यांच्या फोनना पाच गिगाहर्ट्झचं नाव वेगळं करून दिलं. काकांचा पुतण्या ट्रॉलरवर असतो, त्याने बोटीवर कुठला राउटर चालेल ते विचारलं. दोन आणि पाचवाला चालेल, सहावाला नको, म्हटलं.

भजनाला अजून तासभर होता. मी आणि काका गडगा ओलांडून चौथ्या वाहिनीवाल्या घरी गेलो. त्यांना राउटरचा पासवर्ड आठवेना, तो डब्याच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर सापडला. चहा झाला आणि त्यांचा राउटर आम्ही एकवर नेला.